खीर भरलेली बॅटरी आणि बकुळाचे गाणे

चिखले, मंगळवार (लाहूच्या हाती)

प्रिय दौलतराव यांस रामनाथचा सप्रेम नमस्कार.

तुमचा गुडघा आणि तुमची मोटार दोन्ही चालत असतील अशी आशा करतो. (गुडघ्याची चौकशी तुमच्या बहिणीची, मोटारीची माझी.) इकडे चिकूची झाडे बरी, आम्ही बरे. आजारी आहे ती आमच्या रेडिओसाठी तुम्ही मुंबईहून आणून दिलेली बॅटरी.

गुरुवारी संध्याकाळी आकाशवाणीवर आमची बकुळा गाणार. लेकीचे गाणे आपल्याच ओटीवर ऐकायचे हा तुमच्या बहिणीचा, हिरकणीचा हट्ट, आणि तिने आळीभर आमंत्रणेही दिली आहेत. सगळ्यांनी तुमच्याकडे डहाणूला यावे असे कळवलेत, उपकार आहेत. पण मी माघार घेणार नाही.

रविवारी रेडिओ लावला, तर निवेदिकेने नमस्कार म्हटला आणि तिचा आवाज विहिरीत उतरला. लाहूने बैलगाडी जुंपली, आम्ही डहाणू रोडला चार्जिंगवाल्या शेठकडे गेलो. तो तपासायची काचेची नळी घेऊन झाकण शोधू लागला, झाकणच नाही. म्हणाला, "पंडितजी, अंदर पाणी नथी, खीर छे." (गाडीच्या धक्क्यांनी आम्ल सांडू नये म्हणून ते घट्ट केलेले, दूरदृष्टी तुमची.) मीटर लावला तर काटा सहा व्होल्टवर ताठ. मोटारीचा दिवा जोडला, की काटा खाली. आमच्या पाठशाळेत असा एक विद्यार्थी होता: विभक्तिरूपे घडाघडा, एक वाक्य करायला सांगितले की मान छातीवर.

शेठने रात्रभर चार्ज करून दिली, तरी सोमवारी घरी रेडिओला जोडली तर पुन्हा तेच. लाहूला खोदून विचारले. वाटेत जो जो "भरली काय?" म्हणाला, त्याला याने तारा भिडवून ठिणगी दाखवली होती. म्हणतो, "लोकांना खरा नको वाटाया, दादा?" घरी आल्यावर शेजाऱ्यांनी ठिणगी पाहिली, मग तुमच्या बहिणीने. सोने कसोटीवर घासावे हे शास्त्र. घासून संपवावे, असे कुठल्याच शास्त्रात नाही.

आज शेठकडून ती पुन्हा भरून आणली, या खेपेस मांडीवर घेऊन. आता ती देवघरात आहे आणि गुरुवारपर्यंत स्पर्श निषिद्ध. तुम्ही अवश्य या. मोटार मात्र आणू नका, खाडीकडचा रस्ता खचला आहे. लाहूची गाडी पाठवतो.

तुमचा,
रामनाथ

ता. क. हे पत्र कंदिलावर लिहिलेले नाही. खात्री असावी म्हणून बॅटरीला दिवा जोडला आहे. लख्ख उजेड!

ता. क. दुसरा: उजेड तांबूस झाला. हिरकणी दारात येऊन उभी आहे. हातात पेटवलेला कंदील आहे.

ता. क. तिसरा (कंदिलावर): मोटार आणाच. तिची बॅटरीही सहाचीच आहे, मी दिवाळीत बॉनेट उघडून पाहून ठेवले आहे. रस्ता उद्या मी आणि लाहू भरून काढतो. गुडघा दुखत असेल तर तुम्ही नाही आलात तरी चालेल, ड्रायव्हरबरोबर पाठवा.