झिरोच्या बल्बातला फोटो

सोमवार, १८ नोव्हें.
शीतलनं दोन कॅमेरे भाड्यानं आणले. दोन्ही फुल फ्रेम, म्हणजे महागातले म्हणे. आमची नात लग्नाचे फोटो काढते, आता एक विकत घ्याचा हाये. कमी उजेडात कोणता चांगला, ते पाहून राहिली. भर दुपारी पडदे लावले, झिरोचा बल्ब तेवढा चालू. मले खुर्चीत बसवलं, मी आपली नवरीसारखी बसली! पण "आजी, हलू नको नं वं, बोलू नको." जमते का मले? शेवटी कॅमेरा स्टँडवर लावून तीच बसली अन् स्वतःचेच काढले.

मंगळवार, १९
माझ्या मोबाइलवर पाठवले तिनं फोटो. एका कॅमेऱ्यात फोटोभर रव्यासारखे दाणे दिसते, पण शीतल जशीच्या तशी. काळी. हनुवटीवरचा तीळसुद्धा. दुसरा दाणे पुसते अन् दाण्यासंग पोरीचा रंगही पुसते! गोरीपान, सोललेल्या अंड्यासारखी. मी म्हटलं, हाच घे.
"आजी, ह्याच्यात कातडीच राहत नाही."
म्हटलं, तुई कातडी पाह्याले कोण बसलं वं?
मी हसली. ती नाही हसली.

गुरुवार, २१
खापरखेड्याचं एक स्थळ आलं हाये शीतलले. पोराच्या मायले तो गोरा फोटो धाडला. शीतलले फोटोचं नाही सांगितलं. खोटं का हाये त्यात, फोटो तिचाच. मले तीन घरांनी रंगावरून नाकारलं, तवा कुठं होते असे कॅमेरे...
तासाभरात फोन. पोरगी पसंत, रविवारी येतो! मी साखरच खाल्ली मूठभर. शुगर गेली चुलीत.

शनिवार, २३
पोराचा फोन आला शीतलले. गच्चीवर तासभर बोलून राहिली. खाली आली तं गालातल्या गालात हसणं. "काहून हसून राहिली वं?" "कुठं काय." मग मलेच विचारते, उद्या कोणती साडी नेसू. जन्मात विचारलं नव्हतं.

रविवार, २४
आले. दारातून नेमकं ऊन येत होतं. शीतल पोह्याचा ट्रे घेऊन आली. त्या बाईनं, पोराच्या मायनं, तिले पाह्यलं, मोबाइलमधी पाह्यलं.
"आजीबाई, ही धाकटी का? मोठीले बोलवा नं."
पोरगा चहाच्या कपात पाहत बसला. शीतलनं बाईच्या हातातला मोबाइल पाह्यला. "मीच हाये ही," म्हणे. ट्रे तसाच हातात.
पोहे मात्र बाईनं दोनदा घेतले.

सोमवार, २५
दिवसभरात एकदाच बोलली. "त्यांनी आता नाकारलं, आजी. तू मंगळवारीच नाकारलं."
मले राग आला. म्हातारीनं चांगलं करू नये का?
जेवली नाही मी. तिनंही आग्रह केला नाही.

बुधवार, २७
बाईचा फोन. गोड बोलून नकार दिला. मग म्हणे, "तो फोटो कोणी काढला होता, आजीबाई? आमच्याही पोरीचं पाहून राहिलो, रंग जरा दबलेला हाये तिचा. तसाच काढून द्याल का?"
खरं लिहिते, मी खूश झाली. म्हटलं, माझ्या नातीनंच काढला! हो म्हणून टाकलं.
शीतलले सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, दोन्ही कॅमेरे आणले, माझ्या पुढ्यात ठेवले.
"सांग आजी, त्या पोरीचा फोटो काढाले कोणता नेऊ?"
मी चष्मा शोधला, मग ही वही उघडली. ती अजून उभीच हाये.