कार्ड नको, पॉलिसी पाहिजे

३ जून
मेहुणा पुंडलिक कन्नडहून आला. सत्तरीपुढच्यांचं सरकारी आयुष्मान कार्ड नाचवत होता. पाच लाखांपर्यंत इलाज फुकट म्हणे. दाजी, तुमी बी काढा, म्हणाला. साखर कारखान्यातला रिटायर्ड हेड टाईमकीपर मी. फुकटाच्या लाईनीत उभा राहणार नाय. ठरलं, प्रायव्हेट मेडिक्लेम. माणसानं लायकीप्रमाणं आजारी पडावं.

५ जून
बायको आवडाबाई पुंडलिकबरोबर जाऊन कार्ड काढून आली. आधारवर ती एकाहत्तरची. मला विचारलंसुद्धा नाय. फोटोत हसतीय.

९ जून, सकाळ ११
विमा एजंट ऋतुराज आला. इस्त्रीचा शर्ट, टाय. याला म्हणतात सर्व्हिस. फॉर्म भरला. शुगर? नाही. बीपी? नाही. धाप? नाही. आवडाबाई आतून म्हणाली, मग जिन्यात दोनदा बसता ते काय? इन्शुरन्समधलं तिला काय कळतंय. मी हवा घ्यायला बसतो.

१४ जून
कंपनीची मेडिकल. शुगर दोनशे ऐंशी. लॅब भिकार. ईसीजीपण भिकार. ऋतुराज म्हणाला, काका, खरं लिहायचं होतं. मी म्हणालो, फॉर्मात माणूस चांगला दिसायला पाहिजे.

२१ जून
कंपनीचा ईमेल. पॉलिसी नाकारली. दोन ओळी, त्यात एक स्पेलिंग चुकलेलं. असल्या कंपनीत मीच गेलो नसतो. ऋतुराज फोन उचलत नाय.

२३ जून
काल छातीत आवळलं. गॅस. डॉक्टर म्हणाले, अँजिओग्राफी करा, उशीर नको. सरकारला एक चान्स द्यावा म्हणतो.

२४ जून
गारखेड्यातलं सेवा केंद्र. दोन तास लाईन, सगळी खेडवळ माणसं. कॉम्प्युटरवरची मेघा म्हणाली, आजोबा, आधारवर तुमचं वय अडुसष्ट. मी बहात्तरचा आहे. शाळेत घालताना वडिलांनी चार वर्षं कमी लावली, नोकरी जास्त पुरावी म्हणून. पुरली. हे तिला इज्जतीत समजावलं. ती म्हणाली, मग सत्तरीला या. रेशनकार्ड असेल तर दुसरी योजना बघते. रेशनकार्ड मी दुकानदाराशी भांडून कधीच बंद केलंय. मागची माणसं हसली. अडाणी.

२७ जून, संध्याकाळ
सरकारी दवाखाना, कॉट नंबर बावीस. आवडाबाई पहाटेपासून माझ्यासाठी लाईनीत होती. हृदयाची एक नळी बंद होती, उघडली. डॉक्टर तिला म्हणाले, वेळेत आणलंत. निर्णय माझाच होता, असं मी सांगितलं. कुणी लक्ष दिलं नाय. तिनं चादर सारखी केली अन् म्हणाली, आता दोन वर्षं नीट जगा, मग तुमचंही कार्ड काढू.
व्हय म्हणालो. मला दुसरं कामही नाय.