आमच्यात कोणी बहिरं नाही

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून नवं काम. आम्ही आशा सेविकांनी घरोघर फिरून कमी ऐकू येणाऱ्यांची यादी करायची. आरोग्य केंद्रातले साहेब म्हणाले, गावातून वीस नावं आली तरच कान तपासणारं पथक येईल, कानाचं मशीन मिळेल. वीस! शिरोलीच्या फौंड्रीत जाणारं अर्धं गाव आमचं, वीस तर एका गल्लीत निघतील. आमचे हे धरून. सतरा वर्षं ग्राइंडरवर कास्टिंग घासतायत, डावा कान गेल्यात जमा. शहरातल्या दवाखान्यात हे जीव गेला तरी जायचे नाहीत. पथक दारात आलं तर निदान…

५ नोव्हेंबर, बुधवार
साठ घरं. नावं तीन. पाय गेले कामातून.
"आमच्यात कोण बी भैरं न्हाय. जावा पुढं." हे सांगणाऱ्याचा टीव्ही एवढा मोठा की माझेच कान फुटायची वेळ. आमच्याकडं सगळेच ओरडून बोलतात. त्यात बहिरं कोण, ओळखायचं कसं?
आमच्या गल्लीतल्या मंगलकडं गेले. तिची पोरगी माझे ओठ बघत बसली होती, हे मला दिसलं. मंगल म्हणाली, "लिवू नगंस गं. पेठ वडगावचं स्थळ आलंय. भैरी म्हणून कळलं तर कोण करून घील?" नाही लिहिलं.

७ नोव्हेंबर, शुक्र.
ह्यांना विचारलं, तुमचं नाव घालू का. तीनदा विचारावं लागलं.
"खुळी झालीस व्हय? कंपनीच्या मेडिकलला कळलं तर घरला बसवतील. आणि मला ऐकाय येतंय की समदं."
वहीत आमच्या घरापुढं 'कोणी नाही' लिहिलं. लोकांना नावं ठेवत फिरते आणि स्वतःच्या घरात हे. लाज वाटली.

१० नोव्हेंबर, सोम.
स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटतेय.
वहीत तेरा घरांपुढं 'घर बंद' आहे. आमची पद्धतच तशी. गल्लीत उभं राहून दोन-तीन हाका मारायच्या, कोणी आलं नाही की 'घर बंद' लिहून पुढं. सगळ्याच आशा असं करतात. आज त्यातल्याच हौसाक्काच्या दारापुढून जाताना तिची शेजारीण म्हणाली, "आक्का कुठं जाणार घर सोडून? भैरी हाय की ती." दार नुसतं लोटलेलं. आत आक्का शेंगा फोडत बसलेली. मला बघून हसली, मूठभर शेंगा हातात दिल्या.
म्हणजे मी बहिऱ्या माणसाला रस्त्यावरून हाका मारत होते, आणि ती आली नाही म्हणून ती नाहीच असं लिहीत होते. अक्कल कुठं गहाण ठेवली होती कोण जाणे.

१२ नोव्हेंबर, बुध.
तेराही घरं पुन्हा, या वेळी आत शिरून. सहा नावं मिळाली. बौद्धवाड्यातले रिटायर मास्तर म्हणाले, "लिहा ताई. कागदावर तरी असू द्या आम्ही." बाकीच्या गल्ल्या धरून एकूण अठरा.

१४ नोव्हेंबर, शुक्र.
साहेब: "वीस म्हणजे वीस. उद्या बारापर्यंत. आणि वाढीव नावापुढं त्या माणसाची स्वतःची सही पाहिजे."
दोन नावं मला माहीत आहेत. त्याचाच त्रास आहे.
मंगलकडं पुन्हा गेले. चिडली. "आधी तुझ्या नवऱ्याचं लिव, मग माझ्या पोरीचं सांग. आक्ख्या गल्लीला ठावं हाय." परत आले. गल्लीला ठाऊक आहे, हे फक्त ह्यांनाच ठाऊक नाही. लोक ह्यांच्या पाठीमागं हळू बोलतात ना.
वाटतं, द्यावा नाद सोडून. पण मग पथक पुढच्या गावाला जाईल आणि आमचं गाव कागदावर चांगल्या कानांचं राहील.

१५ नोव्हेंबर, शनि. सकाळ
हे पहिल्या पाळीला निघालेले. ओरडून सांगावं तर दारात तमाशा. फॉर्म पुढं ठेवला, वर पेन ठेवलं. मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: सगळ्यांना माहीत आहे. तुमची सही झाली तर मंगलच्या पोरीची होईल.
बराच वेळ वाचत राहिले. कानापर्यंत लाल झाले. मी म्हटलं, "काय म्हणता?" ऐकू आलं नाही की ऐकून गप्प बसले, एवढा संसार झाला तरी मला हे ओळखता येत नाही. रडू आलं.
सही न करताच फॉर्मची घडी घालून शर्टच्या खिशात ठेवली. गाडीला किक मारून गेले.
पाळी तीनला सुटते. यादी बाराला जाणार.