शनिवारची हजेरी

१२ जुलै, शनिवार

जुई सातच्या आधीच गेली. डबा ओट्यावरच राहिला. पहिला दिवस.

काल संजयला पुन्हा सगळं समजावलं, निम्मं स्वतःसाठीच. बारावीत असतानाच डिग्री कॉलेजचा एक विषय घेता येतो. शनिवारी सकाळी तास आणि प्रॅक्टिकल, शेवटी परीक्षा. पास झालं की क्रेडिट तिच्या नावाच्या खात्यात जमा होतं. पुढे तिथे बीएस्सीला गेली की तो विषय झालेला. जुईने घेतलंय खाडीतले जीव. शिंपले, खेकडे, चिखलातले किडे.

सं. म्हणाला, "आणि इंजिनिअरिंगचा क्लास?"

"तो आहेच की, सोमवार ते शुक्रवार."

तो बूट पुसत राहिला. मग, "माझ्या हाताखाली बीएस्सी झालेली पोरं बाटल्या मोजतात. तुर्भ्याला कंपनीत ये एकदा, दाखवतो." आणि थोड्या वेळाने, "ठीक आहे. बारावीच्या परीक्षेआधी क्रेडिट पदरात पडलं तर बीएस्सी. मी एक शब्द बोलणार नाही. नाही पडलं तर मी म्हणेन ते."

जुईने हात पुढे केला. "डील, बाबा."

दोघं हसत होती. मला नाही हसता आलं.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीपौर्णिमा. सुट्टी, तरी त्यांच्या मॅडमनी मुलांना खाडीवर नेलं. पौर्णिमेची ओहोटी मोठी, म्हणून पहाटेच बोलावलं होतं. नऊ वाजता जुई गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन जिन्यातच उभी. खालच्या म्हात्रे काकी नारळीभात घेऊन येत होत्या. (बिल्डिंग त्यांच्याच प्लॉटवरची. आम्ही भाडेकरू.)

"कय गो, सनाला पन चिखलान?"

"काकी, निवट्या बघितला. मासा असून पाण्याबाहेर येऊन उड्या मारत होता."

"बघाया कॉलेजान जातंस? आमी तर कालवनान टाकतो."

जुई जिन्यातच बसून हसली. किती महिन्यांनी. क्लासहून येते तेव्हा चेहरा पुसलेला असतो नुसता.

चिखलाचे कॅनव्हासचे बूट गॅलरीत धुऊन ठेवले. डाग काही जात नाहीत.

२५ ऑक्टोबर, शनिवार

फराळ घेऊन ज्युनिअर कॉलेजला गेले. पनवेलच्या पुढे, गावात. जुईचा अकरावी-बारावीचा प्रवेश तिथला. नावालाच. इथे सायन्सची बहुतेक मुलं तशीच. प्रवेश एकीकडे, बसायचं दिवसभर क्लासला. प्रॅक्टिकलच्या परीक्षेपुरतं कॉलेजचं तोंड बघायचं. काकींचे दीर, नाना, तिथे हेडक्लार्क. त्यांच्यामुळेच प्रवेश सोपा झाला.

चकल्या त्यांना आवडल्या. निघताना म्हटलं, "नाना, हजेरीचं तेवढं बघा हां."

"अवं ताई, तुमची पोर म्हंजे आमची पोर. टेन्शन नका घेऊ."

सगळेच सांगतात. मीही सांगितलं.

येताना कामोठ्याच्या नाक्यावर जुईसाठी पेरू. संध्याकाळी ती प्रॅक्टिकलची वही घेऊन बसली. खेकड्याचं चित्र. मी भाषांतराचं काम बाजूला ठेवून तिच्याकडे बघत बसले. पेन्सिल धरताना जीभ जरा बाहेर, पहिलीत असल्यासारखी.

२९ नोव्हेंबर, शनिवार

परीक्षा संपली. तोंडीला मॅडमनी विचारलं, भरती आली की खेकडा बीळ का बंद करतो. ही बोलतच सुटली म्हणे. मॅडम म्हणाल्या, "बास, आता मलाच विचारशील."

रात्री जेवताना सं. "मग पुढच्या वर्षी आपल्याकडे खेकडे पाळायचे का?" त्याच्या परीने ते हो होतं. जुईला कळलं. तिने त्याच्या ताटात न विचारता अजून एक पोळी वाढली.

१६ डिसेंबर, मंगळवार

बाकी मुलांची क्रेडिट आली. जुईची नाहीत.

निकालात पास. खातं रिकामं. दिवसभर मोबाइल उघडून बघत होती. क्लासमधूनही. मी म्हटलं, येईल गं, सरकारी काम. माझ्या आवाजावर माझाच विश्वास नव्हता.

२० डिसेंबर, शनिवार

डिग्री कॉलेजात जाऊन आलो, दोघी.

मॅडम चांगल्या आहेत. स्टाफरूममध्ये खुर्ची दिली, पाणी दिलं, मग संगणक आमच्याकडे वळवला. दोन्हीकडची हजेरी आता ऑनलाइन चढते. दर शनिवारी सकाळी जुई इथे हजर. आणि त्याच वेळी, त्याच शनिवारी, पनवेलच्या पुढच्या ज्युनिअर कॉलेजातही हजर. भौतिकशास्त्राच्या तासाला.

"एकच मुलगी एकाच वेळी दोन ठिकाणी. क्रेडिट थांबवली आहेत."

जुई म्हणाली, "मॅडम, पण मी इथे होते. तुम्ही बघितलंय मला."

"मला माहीत आहे गं." मग माझ्याकडे बघून, "त्यांनी लेखी दिलं की ती शनिवारी तिथे नव्हती, तर काही होऊ शकेल. या शैक्षणिक वर्षातच."

बाकीच्या मुलांचं कसं जमलं? त्यांच्या कॉलेजांनी शनिवार कोरे सोडले होते. कोणी मागे लागलं नव्हतं.

बसमध्ये जुई खिडकीकडे तोंड करून. मी सांगून टाकलं, फराळ, नाना, सगळं. ती म्हणाली, "तू तरी काय करणार. सगळेच सांगतात." मला ओरडली असती तर बरं झालं असतं.

२२ डिसेंबर, सोमवार

नानांकडे. या वेळी हातात काही नव्हतं.

"ताई, तुमीच बोल्लात ना हजेरीचा बघा? मी शनिवार पन सोडला नाय, जुलैपासूनचे मागचे पन भरले." किती अभिमानाने. मग मी सांगितलं. ऐकताना पान चघळायचं थांबले.

"लिवून देऊ? शनिवार खोटे हायत म्हनून?"

"फक्त शनिवार, नाना."

"आनि सोमवार कुठं खरा हाय? एक काढला की सगलेच निघतात. हजेरी कमी भरली तर पोरीला बारावीला बसवनार कोन? आनि तिच्या मागं सगली बॅच हाय, ताई."

ते खोटं बोलत नव्हते. त्या खोलीत पहिल्यांदाच कोणी खरं बोलत होतं. आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

प्राचार्यांना भेटू का, विचारलं. नाना म्हणाले, "तुमीच बगा. पन पोरीचा इचार करून बगा."

प्राचार्यांच्या दाराबाहेर उभी होते. नाही गेले आत.

सं.ला सांगितलं. ओरडेल असं वाटलं होतं. म्हणाला, "मला काय आनंद होतोय का?" टीव्ही लावला. आवाज न करता बघत बसला. शेवटी, "पण ठरलं होतं ते ठरलं होतं."

"ती पास झालीय."

"मी नाही कुठं म्हणतो? पण खात्यात काय आहे?"

४ जानेवारी, रविवार

इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेची तयारी जोरात. कोर्स संपल्यामुळे आता शनिवारीही क्लास. जुई सांगितलं ते करते. जेव म्हटलं की जेवते. खेकड्याची वही कपाटात वरती, चादरींच्या मागे गेली. मी ठेवली नाही.

मॅडमना दोनदा फोन केला. "पत्र आलं का?" त्याच विचारतात. मी काय सांगू. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "तिला खाडीवर मात्र येऊ द्या, क्रेडिट नसलं तरी." मी जुईला सांगितलं. ती म्हणाली, "कशाला आता."

नानांना द्यायच्या पत्राचा मसुदा लिहिला. फाडला. तिची खरी हजेरी सिद्ध करायला गेले तर तिची बारावी जाते. मनात किती वेळा उलटंसुलटं केलं, कुठूनच वाट निघत नाही.

काकी भेटल्या. "पोर गप का झाली गो?" अभ्यास आहे म्हटलं.

१७ जानेवारी, शनिवार

जुई सहालाच निघाली. क्लास तर आठला. "लवकर का गं?" "डाउट्स आहेत." दार ओढून घेतलं, हळू.

सं. पहिल्या शिफ्टला गेला. मी चहा घेऊन गॅलरीत. उद्या अमावस्या. काकी खालून कोणाला तरी सांगत होत्या, आज पाणी लांब गेलंय.

आठ वाजून गेल्यावर क्लासचा मेसेज आला, रोज येतो तसा. क्लासच्या दारात मुलांनी कार्ड लावलं की आपोआप येतो. 'आपली पाल्य जुई आज वर्गात हजर आहे.' कार्ड कोणाच्या हातात होतं, ते त्यात येत नाही.

कोपऱ्यात कॅनव्हासचे बूट नव्हते. फरशीवर वाळलेल्या चिखलाची दोन पावलं तेवढी.

फोन हातात घेतला. ठेवला.

दुपारी सं. जेवायला येईल, विचारेल, जुई कुठे आहे.