लवूची शेवटची हाक

चि. चारुदत्त,

तुला शौर्यपदक मिळालं तेव्हा तू देवरुखला आपल्या घरी जायच्या आधी नाटे गावात माझ्याकडे आलास. चुलीपुढे बसून म्हणालास, "काकी, तुमचा लवू सीमेवर माझ्या मांडीवर गेला. शेवटी 'आये' एवढंच म्हणाला." त्या एका हाकेवर मी इतकी वर्षं काढली.

परवा रत्नागिरीत तुझ्या खासदारकीच्या प्रचारसभेत मला पुढच्या खुर्चीत बसवलंस. माइकवर तू सांगितलंस, लवू भारतमातेचा जयघोष करत गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

यातलं खरं कुठलं, ते विचारायचा धीर होत नाही, म्हणून हे पत्र टपालात टाकणार नाही. मत तुलाच देईन. पण पुन्हा आलास तर लवूचं काही सांगू नको. नुसतं जेव.

लवूची आये