खिशातली फाचर

मंगळवार, संध्याकाळ

फाचर अजून खिशातच आहे.

काल उतरताना रियाताईचं शिकाऊ विमान नाकावर आपटलं, तिचा हात मोडला. ती म्हणते, खुर्ची मागं सरकली, पाय पेडलपर्यंत पोचले नाहीत. आज विमानशाळेचे मोठे सर सगळ्यांसमोर हसले. "स्वतः घाबरली अन् खुर्चीवर ढकलते. चूक पायलटचीच."

पण खुर्ची सरकते. मी विमानं धुतो, मले माहीत आहे. ती ज्यावर मागंपुढं होते ती पट्टीच अशी बनवली की खाच जराशी झिजली तरी खुर्ची अडकवणारी खिटी धरत नाही. मिस्त्रीले सांगतलं, तर म्हणे, "तू पोछा मार, इंजिनियर!" मग राळेगावले बाबा कुऱ्हाडीच्या दांड्यात मारतो तशी बाभळीची फाचर तासली अन् पट्टीत ठोकली. कोणाले बोललो नाही. तवापासून खुर्ची हालली नाही.

काल धुताना भिजून फुगू नये म्हणून ती काढली, खिशात टाकली अन् परत ठोकायची विसरलो. विमानात चढताना रियाताईनं विचारलंही, "भाऊ, सगळं बरोबर ना?" मी म्हटलं, "एकदम."

मग चूक कोणाची? बनवणाऱ्याची? मिस्त्रीची? का माझी? बोललो तर माझं काम जाते. गप्प राह्यलो तर तिचं उडणं कायमचं बंद.

मायचा फोन आलता. "काहून रे, आवाज असा?" म्हटलं, सर्दी आहे. "खोटं बोलताना तू असाच नाक ओढते," म्हणाली.

उद्या चौकशीवाले येतात. त्यायच्यासमोर तोंड उघडलं नाही तर? म्हणून कागदावर लिहून फाचरीले गुंडाळलं: खुर्ची सरकत होती. फाचर माझी आहे.