विमानाच्या पायातल्या होड्या

३ मार्च, सकाळी ७
लेकाने विमानाची चांगली चाकं काढून खाली दोन पत्र्याच्या होड्या लावल्या. फ्लोट म्हणायचं म्हणे. शी! बदक बरं दिसतं. वेग कमी, पेट्रोल जास्त, माणसं चारांऐवजी दोन. शिवाय ब्रेक नाही. काल धक्क्यावर आपटलं. मेकॅनिक म्हणतो, आजी, पण बेटावर थेट दवाखान्याच्या पायरीशी उतरतं. डोंबलाचं उतरतं.

५ मार्च
होड्यांत पाणी झिरपतं! एकेकीत सहा कप्पे. रोज उडायच्या आधी हातपंपाने उपसायचे, नाहीतर विमान जड. कुठलं दुखणं आणलं घरात! काम मीच घेतलं, बाकीच्यांना जमायचं नाही. सून म्हणाली, आई, तुमचा गुडघा. म्हटलं, गुडघ्याने नाही उपसत बाई मी.

८ मार्च
पुढचे आठ उपसले. मागच्या चारांना फार वाकावं लागतं. पाणी पुढून अंगावर येतं, मागे कशाला शिरेल? अक्कल वापरली की काम वाचतं.

११ मार्च
लेक म्हणतो, विमान सुस्त वाटतंय, आई, सगळे उपसतेस ना? म्हटलं, विचारतोस कुणाला? सुनेचा डबा नेतो, त्याचं वजन असेल.
शुक्रवारी दवाखान्याचे साहेब येणार. डॉक्टर आणि औषधांची पेटी घेऊन उडालं तर वर्षाचं काम पक्कं. नाही तर विमान विकायचं. उडेल. पंपावर मी आहे.

१४ मार्च, दुपार
घाणेरडा दिवस. खाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत विमान तीनदा पळालं. शेपूट पाण्यात, नाक आभाळात. उठेचना. डॉक्टरला उतरवलं, तेव्हा कुठे उठलं. साहेब म्हणाले, नुसत्या पेटीने पेशंट बरे होतात का? आणि गेले.
मेकॅनिकने मागचे कप्पे उपसले. चार बादल्या. तो माझ्याकडे बघत होता, मी खाडीकडे. फ्लोटच भिकार.

१५ मार्च
काम लाँचवाल्याला गेलं. दोन तास हेलकावे खात जाणार, डॉक्टरच ओकत पोचेल.
लेक ताटावरून उठून गेला. फुगू दे.

१६ मार्च, सकाळी ८
वाकले. बाराच्या बारा उपसले. थेंब आला नाही! म्हणजे मागे पाणी शिरतच नाही. सुनेला जाऊन ऐकवलं.
ती म्हणाली, पहाटेच उपसून गेलेत ते. आज गिऱ्हाईक येणार आहे विमान बघायला.
कुठे गेला, विचारलं.
लाँचवाल्याकडे. त्याला खलाशी हवाय म्हणे.